वर बघायची नोकरी

सहादूने लाल बावटा वर केला आणि खाली मैदानात तोफा थांबल्या. लगेच टेकडीवरचा फोन वाजला. सोमाने तो उचलला, ऐकला आणि सहादूच्या कानाला लावला.

"काय दिसलं?" सुभेदारांनी विचारलं.

"इमान, साहेब. तिरंबकाच्या अंगाला."

"अरे, विमान कसलं, घार आहे ती! आता तिलाही सलामी द्यायची का?"

फोनवर सुभेदारांच्या मागे कोणीतरी हसलं. सहादूने बावटा खाली घेतला.

नाशिकच्या पश्चिमेला डोंगरांमध्ये तोफांच्या सरावाचं मैदान होतं. टेकडीवर दोघांची नेमणूक असे. सोमाने खाली बघायचं: गुरं, गुराखी, गोळ्यांचं लोखंड वेचायला लपतछपत येणाऱ्या बाया. सहादू पगारेने वर बघायचं. तोफेचा गोळा सरळ जात नाही, कमान करून जातो, आणि त्या कमानीचा माथा फार उंच असतो. सरावाच्या दिवशी तेवढं आकाश बंद असल्याचं मुंबईच्या विमानतळाला कळवलेलं असे. पण एखादं विमान ढग टाळायला वाट सोडतं, एखादं चुकतं. कागदावर बंद केलेलं आकाश खरोखर रिकामं आहे का, हे शेवटी कोणीतरी बघावं लागतं. बाहत्तर सालापासून ते सहादू बघत होता. आता त्र्याऐंशीचा पावसाळा सरला होता आणि त्याला आकाश ताकासारखं दिसू लागलं होतं.

दुपारी भाकरी सोडताना सोमाने विषय काढला. रशियाच्या हद्दीत शिरलेलं कोरियाचं प्रवासी विमान पाडल्याची बातमी अजून लोकांच्या तोंडी होती.

"अडीचशेच्या वर माणसं व्हती, दादा. वाट चुकलं म्हून उडिवलं."

"माणसांचं हाय ते दिसलं नसल त्यांना."

"नाय दिसायला काय झालं? एवढाली यंत्रं त्यांच्याकडं!"

"मंग दिसून पाडलं म्हणतो?"

सहादूने उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली.

पुढच्या आठवड्यात तोफेच्या दोन बारांमधल्या शांततेत सहादूला घरघर ऐकू आली. त्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली, पण तिथे काहीच नव्हतं. आवाज पोचेपर्यंत विमान पुढे सरकलेलं असतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने पुढे शोधलं, मग आणखी पुढे. सगळीकडे तेच पांढरं.

"दादा, डोक्याव! बावटा!" सोमा ओरडला.

बावटा वर गेला. पण एक गोळा त्याआधीच सुटला होता. तो परत बोलावता येत नाही. दोघं तसेच उभे राहिले. मग समोरच्या डोंगरावर धूळ उडाली, धमाका ऐकू आला, आणि घरघर दूर दूर जात विरून गेली.

फोन वाजला. "शाब्बास, सहादू! मोठ्या साहेबांनी तुझं नाव विचारलंय."

सोमाने फोन ठेवला. "म्या कोणाला सांगणार नाय. तुम्ही नुसतं बसा, दादा. वर बी म्या बघतो, खाली बी..." बोलता बोलता त्याची नजर नाल्याकडे गेली आणि त्याने घाईघाईने शिट्टी तोंडात घातली. नाल्यातून दोन बाया पोतं ओढत चालल्या होत्या. तो वर बघत होता तेवढ्यात त्या आत शिरल्या होत्या. शिट्टी फुंकून फुंकून त्याचे गाल दुखले. "भागुबाई! नवसाबाई! मरायचंय का तुम्हाला? फिरा माघारी!"

सहादूने बावटा वरच धरून ठेवला.

रात्री त्याने कुसाबाईला सगळं सांगितलं.

"मोतीबिंदू हाय, तं काढून टाका की," ती म्हणाली. "शिबिरात फुकट काढत्यात."

"त्याच्यानंतर जाड भिंगाचा चष्मा लागतो. चष्मेवाल्याला टेकडीवर बशिवत नाय."

"आन नाय सांगितलं तं?"

"तं बशिवतील. वर काय चाललंय ते न दिसणाऱ्याला."

बराच वेळ ती चुलीतली लाकडं मागेपुढे करत राहिली. "मंग सांगा जाऊन," ती म्हणाली. "मला काय इचारता?"

सुभेदार ऐकून वैतागले. "कालच शाबासकी मिळाली तुला! विमान तूच..."

"म्या नाय पाहिलं, साहेब. सोमानं पाहिलं."

"मग दोघं मिळून निभवा की. निवृत्तीला तुझं वर्षच तर उरलंय."

"त्याचा डोळा वर असला तं खालच्या बायांकडं कोण बघल?"

सुभेदार खिडकीतून टेकडीकडे बघत राहिले. "डॉक्टर नापास करतील, आणि मग तुला घरी पाठवतील. तुला इथं ठेवायला माझ्याकडे दुसरं काम नाही."

"हां, साहेब."

"आणि नवा माणूस मिळेपर्यंत माझ्या तोफा बंद."

"ते बरं हाय, साहेब," सहादू म्हणाला, आणि सुभेदारांना रागवावं की हसावं ते कळेना.

दोन दिवसांनी, सरावाच्या वेळेला, सहादू अंगणात कांद्याची माळ वळत बसला होता. डोंगराकडून काहीच आवाज नव्हता. कुसाबाई कपडे वाळत घालत होती. घरघर आली तशी दोघांनीही मान वर केली.

"दिसतंय का?" त्याने विचारलं.

"दिसतंय. पांढरं हाय. लय उंच."

"कुणीकडं चाललंय?"

"मैदानावरनंच."

सहादू उठून उभा राहिला. त्याचे डोळे उन्हाने पाणावले होते, तरी त्याने तोंड वरच धरलं.

"गेलं का?"

"जातंय आजून." ओलं लुगडं हातात तसंच धरून ती बघत होती. पाण्याचे थेंब तिच्या पायांवर पडत होते.

"आता?"

"थांबा वाईच," कुसाबाई म्हणाली. थोड्या वेळाने तिने लुगडं झटकलं. "हां. गेलं नीट."

मग तो खाली बसला.