बदल नसल्याचा दाखला

शहराबाहेर जायचं तर बदल नसल्याचा दाखला लागे. माणूस नोंदणीच्या वेळी होता तसाच आज आहे, असं कचेरीने लिहून दिलं की मगच बसचं तिकीट. हा नियम कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला ते विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्यातच बदल झाला असं धरत. बदल ओळखणारा प्रोग्राम वरच्या मजल्यावरच्या प्रोग्रामरने लिहिलेला, आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

त्या दिवशी त्याला कारकुनाने हाताला धरून खाली आणलं. खिडकीपाशी एक मावशी सकाळपासून ताटकळत होत्या. लेकीचे दिवस भरलेले, तिच्याजवळ दुसरं कुणी नाही, आणि शेवटची बस पाचला. कारकून त्यांची नोंद उघडायचा, कशाला बोटही न लावता बंद करायचा, तरी पडदा म्हणायचा, 'बदल झाला आहे. जतन करायचा?'

"मावशी, खरं सांगा, काय बदललंय तुमच्यात?" कारकुनाने पुन्हा विचारलं.

"मेल्या, उभं राहून पाय सुजलेत, दुसरं काय!"

प्रोग्रामरने पाहिलं मात्र, त्याला घाम फुटला. नोंद उघडताना प्रोग्राम स्वतःच रकाने भरत होता आणि ते माणसानेच टाईप केलं असं समजून बोंब ठोकत होता. त्याच्यापायी अख्खं शहर अडकून पडलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रकाने भरताना याने कान बंद ठेवायचे," असं पुटपुटत त्याने एक ओळ घातली. नोंद उघडली, बंद केली. पडदा गप्प.

तेवढ्यात मावशींचा फोन वाजला.

"नात झाली! दोघी एकट्याच आहेत रे तिथं."

कारकुनाचा चेहरा पडला, पण तो नियमाला पक्का. 'नातवंडे' या रकान्यात त्याने शून्याचा एक केला.

"आता बदल झाला, मावशी. चौकशी होईल, मग बघू."

त्याने नोंद बंद केली. पडदा गप्पच. पुन्हा उघडली तर शून्य. पुन्हा एक केला, पुन्हा शून्य.

प्रोग्रामरला लख्ख कळलं. बंद केलेले कान परत उघडायचे तो विसरला होता; आता खरा बदलही प्रोग्रामला ऐकू येत नव्हता, मग तो जतन कुठून होणार. एका ओळीचं काम. त्याचा हात की-बोर्डकडे गेला, मग त्याने मावशींकडे पाहिलं आणि दोन्ही हात खिशात घातले.

"प्रोग्राम काय म्हणतो?" कारकुनाने विचारलं.

"बदल नाही म्हणतो. आणि प्रोग्राम म्हणेल तेच खरं ना?"

कारकुनाने सुटकेचा निःश्वास टाकून शिक्का मारला. सदर व्यक्तीत काहीही बदल नाही, असा कागद छातीशी धरून नवी कोरी आजी सुजल्या पायांनी बसकडे धावली.

ती राहिलेली ओळ प्रोग्रामरने अजून घातलेली नाही. कामं फार आहेत म्हणतो.