वरदा पडायला शिकली होती

मी एक जुनी व्हीलचेअर आहे. बर्मिंगहॅममधल्या एका घराच्या गॅरेजात, गवत कापायचे यंत्र आणि मोठा फ्रीझर यांच्या मधल्या जागेत मी उभी असते. माझ्या एका चाकात हवा नाही. बैठकीवर तांदळाची रिकामी पोती आणि कुणाच्या तरी वाढदिवसाची उरलेली कागदी ताटे ठेवलेली आहेत. मित्रांनो, तुम्ही आत आलात तर तुम्हीही मला अडगळच समजाल. पण काही वर्षांपूर्वी माझ्यावर बसून एक मुलगी लढायला शिकत होती. तिची हकिगत मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. शिंपी अंगावर माप घेऊन कपडे बेततो, तशा तिथे खुर्च्या बेतल्या जात. माझे माप घेतले गेले ते वरदा नावाच्या मुलीसाठी. ती तेव्हा नुकतीच सेकंडरी शाळेत गेली होती. जन्मापासूनच तिच्या पाठीच्या कण्यात दोष होता आणि तिच्या पायांत ताकद नव्हती. आधीची तिची खुर्ची हॉस्पिटलातून मिळालेली, जड आणि ढगळ होती. मी मात्र हलकी होते, गडद जांभळ्या रंगाची होते आणि एका हाताच्या झटक्याने गर्रकन वळत होते.

“मागे हँडल नको,” वरदा कारखान्यातल्या माणसाला म्हणाली होती. “मग लोक मला न विचारता ढकलतात.”

“हँडल हवेतच,” तिचे बाबा म्हणाले. “कधी गरज पडली तर?”

हँडल बसवले गेले.

तिचे बाबा, म्हणजे डॉक्टर शशी, एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या वेळी भूल देण्याचे काम करत. वरदाची आई सुप्रभा बँकेत होती. लग्नानंतर दोघे पुण्याहून इथे आले आणि वरदा इथेच जन्मली, म्हणून तिच्या मराठीला इंग्रजी वळण होते. बाबा कठोर नव्हते, हे मी आधीच सांगते. लेकीच्या प्रत्येक ऑपरेशनच्या वेळी ते बाहेर बाकावर बसून राहिले होते. आत काय काय बिघडू शकते हे इतर आईबापांना ठाऊक नसते. त्यांना सगळे ठाऊक होते. वरदाच्या पायांची हाडे ठिसूळ आहेत, हे ते एक दिवससुद्धा विसरत नसत.

एकदा शाळा सुटल्यावर आम्ही दोघी बसस्टॉपवर थांबलो होतो. मागून कुणीतरी माझे हँडल धरले आणि मला रस्त्यापलीकडे ढकलायला सुरुवात केली. वरदाला पलीकडे जायचेच नव्हते. ती ओरडली, “थांबा! सोडा मला!” पण तो माणूस हसत म्हणाला, “अगं, मदतच तर करतोय.” पलीकडच्या फुटपाथवर तिला सोडून तो निघून गेला. तोवर तिची बस गेली होती. वरदाला माझी चाके नीट धरता येईनात.

घरी आल्यावर तिने आईला सगळे सांगितले. शेवटी म्हणाली, “आई, तो चांगला माणूस होता म्हणून. वाईट असता तर?”

पुढच्या शनिवारी सुप्रभा आम्हाला एका चर्चच्या हॉलमध्ये घेऊन गेली. तिथे बेव्हर्लीबाई जुजुत्सू ही स्वसंरक्षणाची जपानी कला शिकवत. त्यांचे आईवडील जमैकाहून आलेले, त्या स्वतः बर्मिंगहॅमच्याच. त्यांचा डावा हात जन्मापासून कोपरापर्यंतच होता. कमरेचा काळा पट्टा त्या एका हाताने आणि दातांनी इतक्या झटपट बांधत की वरदा पहिल्या दिवशी नुसती बघतच राहिली.

बेव्हर्लीबाई इंग्रजीत बोलत, मी मराठीत सांगते. त्यांनी वरदाला पहिला प्रश्न विचारला, “तुला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते?”

“पडायची,” वरदा म्हणाली.

“छान. मग तिथूनच सुरू करू.”

मित्रांनो, तिथे वरदा काय काय शिकली! मागून कुणी मला धरले तर एका चाकाला करकचून ब्रेक कसा लावायचा, म्हणजे धरणाऱ्याचाच तोल जातो. मनगट पकडले तर अंगठ्याच्या बाजूने हात कसा सोडवायचा. पोटातून आवाज कसा काढायचा. तिचे ओरडणे ऐकून पहिल्यांदा तिची तीच लाजली होती. महिन्याभराने तिच्या आवाजाने खिडकीच्या काचा वाजत आहेत असे मला वाटे.

पण खरी मेहनत होती ती पडण्याची. हनुवटी छातीशी घ्यायची, कुशीवर झुकायचे, जमिनीवर हाताचा पंजा सपकन आपटायचा, म्हणजे डोके वाचते. मग सरपटत माझ्यापाशी यायचे, माझे ब्रेक लावायचे, एक हात बैठकीवर, एक जमिनीवर, डोके पुढे टाकायचे आणि कंबर वर उचलायची. सुरुवातीला तिची कंबर वीतभरही उचलत नसे. ती चिडून रडायची. सुप्रभा थर्मासमधला चहा हातात धरून कोपऱ्यात बसलेली असे. मदतीला उठावेसे वाटले की ती थर्मास घट्ट धरायची.

आणि एका शनिवारी वरदा जमिनीवरून उठून माझ्यात बसली. कुणाचाही हात न घेता. धापा टाकत ती म्हणाली, “आई, पाहिलंस? मी आली वर!” सुप्रभाचा चहा सांडला होता, तो तिने पदराने नव्हे, चक्क स्कार्फने पुसला आणि दोघी हसत सुटल्या.

बाबांना मात्र यातले अर्धेच सांगितले होते. वरदा हात सोडवायला शिकते, ओरडायला शिकते, एवढेच. पडण्याचे सांगितले नव्हते. “हळूहळू सांगू,” सुप्रभा म्हणे. ते सांगणे राहूनच गेले.

वरदाचे पट्टे बदलत गेले. शाळेत ती आता मान वर करून माझी चाके फिरवी. कुणी विचारल्याशिवाय हँडलला हात लावला की ती वळून शांतपणे म्हणे, “आधी विचार.” ती माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर वर्षे होती. माझ्या फ्रेमवर ओरखडे होते, रंग उडाला होता, पण मला त्याचे वाईट वाटत नव्हते.

मग तपकिरी, म्हणजे काळ्याच्या आधीच्या पट्ट्याची परीक्षा आली. ती जवळच्या लेस्टर शहरातल्या एका क्रीडागृहात होती. दुसऱ्या क्लबांचीही मुले आली होती, बाकांवर माणसेच माणसे होती. वरदाने मुद्दाम बाबांना सुट्टी घ्यायला लावली. “बाबा, तुम्ही पाहायलाच पाहिजे,” ती म्हणाली. तिला त्यांना चकित करायचे होते.

तिने सगळे नीट केले. मनगटे सोडवली, ब्रेक लावून एका उंच मुलाचा तोल घालवला. बाबा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. शेवटचा भाग उरला, पडून स्वतः उठण्याचा. समोरच्या मुलाने ठरल्याप्रमाणे वरदाचा दंड धरून तिला जोरात ओढले आणि ती माझ्यातून खाली गेली. हनुवटी छातीशी, कुशीवर, पंजा सपकन जमिनीवर. अगदी शिकवल्याप्रमाणे. मी ते इतक्या जवळून पाहिले. त्याहून चांगले पडणे तिने कधीच केले नव्हते.

बाबांना फक्त आपटल्याचा आवाज ऐकू आला.

ते बाकावरून उठले आणि धावत मॅटवर आले. “शशी, थांबा!” सुप्रभा मागून ओरडली. बेव्हर्लीबाईंनीही हात पुढे केला. पण त्यांना काहीच ऐकू येत नव्हते. त्यांनी वरदाला लहान बाळासारखे दोन्ही हातांत उचलले, माझ्यात बसवले आणि तिचे पाय चाचपत विचारू लागले, “कुठे लागलं? सांग ना, कुठे लागलं?”

तेवढ्यात बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. एक बाई डोळे पुसत होत्या. टाळ्या बाबांसाठी होत्या.

बेव्हर्लीबाई वाकून म्हणाल्या, “वरदा, परीक्षक थांबायला तयार आहेत. हा भाग पुन्हा कर.”

वरदाने नकारार्थी मान हलवली. कमरेचा पट्टा सोडला, त्याची नीट घडी केली आणि त्यांच्या हातात दिली.

आम्ही गाडीने घरी निघालो. मी मागे डिकीत होते. बर्मिंगहॅम जवळ आले तेव्हा वरदाचा आवाज ऐकू आला.

“तो माझा परीक्षा होता, बाबा.”

“बाळा, तू पडलीस. मी बाप आहे तुझा. मी बसून राहणार होतो का?”

“मला पडायचंच होतं. आणि मग मी उठणार होती. You didn’t even wait.”

“मला कुणी सांगितलं का नाही?” बाबांनी सुप्रभाला विचारले.

“कारण तुम्ही तिला येऊ दिलं नसतंत,” सुप्रभा म्हणाली.



त्यानंतर वरदा क्लासला गेली नाही. सुप्रभाने समजावले. बेव्हर्लीबाई स्वतः घरी आल्या, चहा प्यायल्या, म्हणाल्या, “तुझी जागा तशीच आहे.” वरदा गोड हसली आणि म्हणाली, अभ्यास खूप आहे. दारापर्यंत पोचवायला बाबा गेले. परत आल्यावर ते सुप्रभाला म्हणाले, “तिला नको असेल तर जबरदस्ती कशाला?” त्यांच्या आवाजात सुटका होती. मला ती ऐकू आली. वरदा जवळच होती, तिलाही आली असणार.

मग दिवस भराभर गेले. वरदा माझ्यात मावेनाशी झाली. तिला बॅटरीवर चालणारी मोठी खुर्ची आली. बेव्हर्लीबाई वेल्समध्ये बहिणीकडे राहायला गेल्या आणि त्यांचा क्लास बंद झाला. वरदा लेस्टरच्या युनिव्हर्सिटीत शिकायला गेली. मी गॅरेजात आले. सुरुवातीला माझ्यावर चादर होती. पुढे ती कशासाठी तरी लागली आणि कुणीतरी काढून नेली.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी सुप्रभा फ्रीझरमधून मटार काढत होती. वरदाचा फोन आला. हात ओले म्हणून सुप्रभाने फोन फ्रीझरच्या झाकणावर ठेवून स्पीकर लावला. बाबा सायकलला हवा भरत होते, तेही जवळ आले.

“घाबरू नका, मी ठीक आहे,” वरदा म्हणाली. “सकाळी बाथरूममध्ये पडली. फोन बाहेर होता. शेजारची मुलगी लायब्ररीतून आली, तेव्हा तिने उचललं.”

“किती वेळ पडून होतीस?” बाबांनी विचारले.

“होती बराच वेळ. थंडी वाजली खूप.” मग म्हणाली, “मी ट्राय केलं, बाबा. हातात ताकदच नाही राहिली. आधी मला येत होतं ना.”

तिने दोष दिला नाही. साधेपणाने सांगितले. फोन बंद झाला आणि सुप्रभा मटारची पिशवी तशीच हातात धरून उभी राहिली.

बाबांनी माझ्यावरची पोती खाली ठेवली. जमिनीवर कार्पेटचा जुना तुकडा अंथरला, माझे ब्रेक लावले आणि माझ्यात बसले. मग त्यांनी कुशीवर झुकून स्वतःला खाली झोकून दिले.

“अहो, काय करताय हे?” सुप्रभा ओरडली.

“थांब. हात देऊ नकोस.”

पाय न हलवता ते माझ्याकडे सरपटत आले. एक हात माझ्या बैठकीवर ठेवला, एक जमिनीवर. त्यांचा चेहरा लाल झाला, दंड थरथरले, पण कंबर काही उचलली नाही. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा खाली बसले. शेवटी माझ्या चाकाला टेकून धापा टाकत त्यांनी विचारले, “ती हे करायची?”

“हो,” सुप्रभा म्हणाली.

“एकटी?”

“एकटी. आणि वर आली की हसायची.”

त्यांनी माझ्या चाकावर कपाळ टेकले. मला त्यांचे रडणे माझ्या साऱ्या फ्रेममध्ये जाणवत होते. त्या दिवशी मॅटवर ते क्षणभर थांबले असते, तर त्यांनीही तिला हसताना पाहिले असते.

ख्रिसमसच्या सुट्टीत वरदा घरी आली. बाबांनी मला पुसून बैठकीच्या खोलीत नेले. तिच्यासमोर बसून म्हणाले, “वरदा, माझं चुकलं. तुला नाही, मला भीती वाटत होती.”

वरदाने माझ्या फ्रेमवरच्या ओरखड्यांवरून हात फिरवला. “मी रागवली नाही आता,” ती म्हणाली. “पण मी लेस्टरमध्ये दोन क्लासेसना विचारलं. ते म्हणतात व्हीलचेअरवाल्यांना नाही घेत. बेव्हर्लीसारखी कुणी नाही ना कुठे.”

मग ती स्वतःच्या मोठ्या खुर्चीतून हळूच गालिच्यावर उतरली, माझे ब्रेक लावले, हात ठेवले. डोके पुढे टाकले. तिला सगळे आठवत होते. फक्त खांदे पूर्वीचे राहिले नव्हते. कंबर थोडीशी उचलली आणि खाली आली. पुन्हा उचलली, पुन्हा खाली आली.

बाबा सोफ्यावर बसले होते. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. ते उठले नाहीत.

बऱ्याच वेळाने वरदाने केस मागे सारले आणि म्हणाली, “बाबा, आता हात द्या.”

तेव्हा ते उठले.

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गॅरेजात आले. वरदा लेस्टरला गेली. तिला पुन्हा एकटीने उठता येईल की नाही, मला ठाऊक नाही. जी वर्षे वाया गेली ती परत येत नाहीत. माझी एवढीच विनंती आहे, की तुमच्याजवळ कुणी पडले तर जरूर धावत जा. पण जवळ गेल्यावर गुडघ्यांवर बसा, त्याच्या डोळ्यांत पाहा आणि विचारा, “हात देऊ का?” आणि तो “थांब” म्हणाला, तर खरोखरच थांबा.