डाव्या पायाची खडाऊ

ज्या साली नागपूरची राजधानी गेली, त्याच साली आमच्या मालकाचा डावा पाय गेला. राजधानीसाठी लोकं चौकात रडले. पायासाठी मी एकटी रडले.

गेला म्हणजे तुटला नाही. तापातून उठले अन् पंजा घोट्यापासून लोंबू लागला. पाऊल उचललं की बोटं खाली, बोटं मातीत अडकली की केवळराम पाटील तोंडावर. घेतलं नवऱ्याचं नाव, घेऊ द्या. या वयात मले कोण उखाणा मागते!

नागपूरच्या डॉक्टरनं बूट करून दिला. टाचेपासून दोन लोखंडी पट्ट्या पोटरीपर्यंत, वर कातड्याचा पट्टा. पंजाची लोंबायची सोयच राहिली नाही. मालक गोरेगावच्या बाजारात घ्यायचं काही नसताना फिरून आले, नुसते चालायले. मले वाटलं, सुटलो बाप्पा.

पण पुढच्या साली आश्विनात पावसानं पाठ फिरवली. धान निसवायले आलं अन् तलावाचं पाणी सोडायची वेळ झाली. आमच्या गावचा तलाव यायच्या, म्हणजे मालकाच्या, आज्यानं बांधला. म्हणून घरचा मोठा माणूस पूजेचं ताट घेऊन पाळीवरून, तलावाच्या बांधावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते, मंग पाणी अडवणारा खुटा उपसते. कोणाच्या बांधीत, धानाच्या वावरात, पाणी आधी, हेही त्याच्याच तोंडून निघते. अन् पाळीवर कातडं चालत नाही. तलाव देव आहे.

पुतण्या गोवर्धन लगेच हजर. काका, तुम्ही कायले तरास घेता, औंदा मी चालतो म्हणे. इतकं गोड बोलला की माया दातात कळ आली. त्याच्या बांध्या कुठं आहेत ते का मले माहीत नाही? एकदा ताट त्याच्या हाती गेलं की परत येणार नव्हतं. अन् आमचे मालक? भिंतीकडं तोंड करून निजले. जेवले नाहीत. मले गोवर्धनाचा नाही, यायचाच राग आला. पाय गेला, जीभ तर जागेवर होती ना!

दुसऱ्या दिवशी मी देव्हाऱ्याजवळची सासऱ्याची डावी खडाऊ उचलली. हात जोडले. म्हटलं, मामाजी, तुमच्याच लेकासाठी आहे, रागावू नका. अन् यायचा बूट काखेत मारून गेली मनिराम सुताराकडं. मनिरामनं कानाले हात लावले. पूजेच्या वस्तूवर हत्यार कसं चालवू म्हणे. मी सांगतलं, मामाजींनी स्वप्नात येऊन हुकूम दिला. मामाजी जिवंतपणी मायाशी बोलले नाहीत, स्वप्नात कायले येतील? पण मनिरामले ते कुठं ठाऊक. त्यानं खालच्या खुंट्या तासून खडाऊ बुटकी केली, बुटाच्या लोखंडी पट्ट्या काढून तिले बसवल्या, अन् कातड्याच्या जागी सुती निवार बांधली.

मालकानं पाहिलं अन् माया सात पिढ्यांचा उद्धार केला. मंग बांधली. विहिरीपासून गोठ्यापर्यंत चालून आले. कुठंच अडखळले नाहीत. मंग शिव्या बंद झाल्या.

पूजेच्या दिवशी गोवर्धन नवं धोतर नेसून आधीच पाळीवर उभा. सारा गाव जमलेला. यायले पाहताच वाटेत आडवा आला. पायात घालून पाळीवर येता येत नाही म्हणे, देवाचं काम आहे.

मालकानं धोतर जरा वर धरलं. "तुया आज्याची खडाऊ आहे. काढून ठेवू? तू सांग."

गोवर्धन बाजूले सरकला. आज्याच्या खडावेले 'काढ' म्हणायची छाती गावात कोणाचीच नव्हती.

तेवढ्यात रुख्मा म्हातारी वाकत वाकत पुढं आली. साऱ्या गावात तीच जुनी. तिले वाटलं, पोरानं नवस बोलला, बापाची एक खडाऊ पायाले बांधून पाळ चालीन. तिनं डोळे पुसले अन् त्या पायावर कपाळ टेकलं. मी खरं सांगायले तोंड उघडलं. मंग विचार केला, मले काय करायचं आहे, अन् मिटलं.

झालं. म्हातारीच्या मांगं बाया, बायांच्या मांगं गडी. रांगच लागली. शेवटी गोवर्धन उरला. सारा गाव त्याच्याकडं पाहून राहिला होता. तोही वाकला, नव्या धोतरासकट.

वर्षभर तो पाय यायनं मलेही धड पाहू दिला नव्हता. चादरीखाली लपवत होते, स्वतःच्याच पायाची लाज वाटत होती यायले. अन् आता त्याच पायावर गाव डोकं ठेवून राहिलं होतं. मी भर पाळीवर रडले, साऱ्यांच्या समोर.

मालक टकटक करत या टोकापासून त्या टोकाले गेले. ताटातला दिवाही विझला नाही. खुटा उपसला, पाणी धडाडत सुटलं. पहिलं पाणी कोणाले, ते यायनं मोठ्यानं सांगतलं: रुख्मा म्हातारीच्या बांधीले.

परत आले तेव्हा मी पदरानं डोळे पुसत होती. माया कानाशी वाकले अन् हळूच म्हणाले, "सुलोचने, उजवा पायही आपलाच आहे ना वं? त्याले तर कोणी विचारूनच नाही राहिला."