घोड्याच्या पोटातली रेघ

थोरलीने चित्रांची फाइल उघडली आणि पहिलाच घोडा उजेडाकडे धरला. घोडा होता तिथेच, चारी पायांवर उभा होता, पण आतून पार रिकामा. छातीचा खोका नाही, पोटाचा डबा नाही, मांड्यांचे गोळे नाहीत. नुसती बाहेरची कड. तिने म्हशीचं चित्र बाहेर काढलं. म्हशीचीही तीच गत. मग उंट, मांजर, पोतं उचलणारा हमाल, झोपलेला कुत्रा. बाराच्या बारा चित्रांतल्या आतल्या रेघा कुणीतरी निगुतीने पुसल्या होत्या, इतक्या की खोडरबराचा चुरासुद्धा कागदावर राहिला नव्हता.

कुणीतरी कसलं! घरात माणसं दोनच.

"अप्पा, हे तुम्ही केलंत?"

खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या अप्पांनी मान हलवली. दोन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू लुळी पडली होती. उजव्या हातात मात्र अजून अशी ताकद, की कुणाचं मनगट धरलं तर सोडवून घेणं मुश्कील.

"गिचमिड दिसत होतं गं. उद्या लोकांसमोर ठेवणार, म्हटलं जरा साफ करून द्यावं. तू बाजारात गेली होतीस तेवढ्यात केलं."

"अहो, पण त्याच तर हव्या होत्या!"

"असं होय? मला काय कळतंय त्यातलं."

रागवायचं म्हटलं तर माणूस आजारी, त्यातून भलं करायला गेलेला. थोरली फाइल छातीशी धरून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

सहा महिने ती दर शनिवारी दुपारी शिकायला जात होती. शिकवणाऱ्या बाईंचा दुसऱ्या गावी लाकडी खेळण्यांचा कारखाना होता; वर्गापुरत्या त्या इथे यायच्या. पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं, "जनावर राहू द्या बाजूला. आधी खोका, डबा, गोळा. ते जमलं की जनावर आपल्या पायाने येतं." तेव्हापासून थोरलीच्या डोळ्यांना खूळच लागलं होतं. भाजीवाली दिसली की गोळ्यावर गोळा, पोस्टमन म्हणजे सायकलवर ठेवलेला लांब डबा. कितीतरी वर्षांनी ती रस्त्यात एकटीच हसायला लागली होती.

बाईंच्या कारखान्यात प्रत्येक भाग लेथवर वेगळा कातून मग जोडायचे. पाय पोटात कुठवर शिरतो, मान खांद्यात कुठे बसते, हे कागदावर दिसायलाच हवं. "आतली रेघ नसेल तर ते चित्र भिंतीवर लावा, मला देऊ नका," असं बाई स्वच्छ सांगायच्या. उद्या दहा वाजता वर्गात बारा चित्रं पसंत पडली तर कारखान्यात नोकरी आणि मागच्या अंगाला राहायला खोली. इथून चार तासांच्या अंतरावर. थोरली एक्केचाळीस वर्षांची होती आणि शनिवारचा वर्ग सोडला तर दोन वर्षांत बाजाराच्या पलीकडे गेली नव्हती. तिने हातापाया पडल्यावर धाकटा भाऊ अप्पांना आपल्या घरी न्यायला कसाबसा तयार झाला होता. अप्पा त्यावर "बघू" एवढंच म्हणाले होते.

तिने बाईंना फोन लावला.

"दोन दिवस मिळतील का? आतल्या रेघा सगळ्या पुसल्या गेल्यात."

"पुसल्या गेल्या म्हणजे?"

"वडिलांनी पुसल्या. बिचाऱ्यांना वाटलं, गिचमिड झालीय."

"काय करायचे वडील?"

"सुतारकाम. चाळीस वर्षं."

पलीकडे बाईंनी कुणाला तरी लेथ थांबवायला सांगितलं.

"सुतार," बाई म्हणाल्या. "बरं. मी उद्या दहालाच आहे. त्यानंतर जमणार नाही."

थोरलीने फोन ठेवला. सुतार! करवत लावायच्या आधी खुणेची रेघ पुसली म्हणून याच माणसाने एका कारागिराला भर कामातून घरी पाठवलं होतं. आणि म्हणे, मला काय कळतंय! ती बाहेर आली, स्टूल ओढून त्यांच्या समोर बसली.

"तुम्हाला कळलं होतं."

अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले.

"धाकट्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे गं, लिफ्ट नाही," ते म्हणाले. "एकदा वर चढवलं की मला खाली आणायचे ते चौघांच्या खांद्यावरच. इथे निदान आल्यागेल्याशी दोन शब्द होतात."

"मग तसं सांगायचं होतंत!"

"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस."

"मग?"

"मग जन्मभर माझ्याकडे अशी बघत राहिली असतीस. आत्ता बघतेयस ना, अशी."

थोरलीने नजर खाली घेतली. थांबली असती, हे खरंच होतं. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती काही केल्या सुरू होत नव्हती.

मग तिने टेबल अप्पांच्या खुर्चीजवळ ओढलं, कोरे कागद मांडले आणि पेन्सिलीला टोक केलं. कड आधी आणि खोका मागून, असं बाईंना चाललं नसतं. दुपारचे दोन वाजले होते. घोड्याच्या छातीचा खोका, पोटाचा डबा, मानेचा निमुळता डबा. हात भराभर चालत होता. रागाने चालत होता म्हणा ना. अप्पा मान वळवून बघत होते. त्यांना पाणी हवं होतं का, हे तिने विचारलं नाही.

मागच्या मांडीपाशी ती आली तेव्हा त्यांनी उजवा हात पुढे केला. थोरलीने झटकन कागद आपल्याकडे ओढला.

"पुसत नाही," अप्पा म्हणाले. त्यांनी कागदावर बोट टेकवलं. "हा पाय असा टिकायचा नाही. सांधा सुटेल. रेघ पोटात आणखी आत घे."

तिने रेघ आत घेतली.

"एवढी?"

"अजून."