कुंपणाबाहेरचा खड्डा

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे आणि मला माणसांचा मनस्वी वैताग आलेला आहे. आपली कहाणी सांगणाऱ्यानं नम्र असावं म्हणतात. असतील बाकीचे. मी आयुष्यभर वाकून काम केलं, आता बोलताना तरी ताठ बोलणार.

आमच्या सरोवरकाठच्या गावात ओंदिएगी नावाचा लोहार होता. रस्त्याकडेला मोडून पडलेल्या एका लॉरीचा पाटा त्याला मिळाला आणि त्यातून त्यानं मला घडवलं. भात्याशी त्याची बायको बसायची. ठोका चुकला की ती त्याला फैलावर घ्यायची, म्हणून माझं पातं इतकं सरळ उतरलं. आज्वांग नावाच्या विधवेनं एक धष्टपुष्ट कोंबडी देऊन मला घरी नेलं.

आज्वांगला दोन मुलगे. थोरला ओविती, धाकटा ओगुत्तू. ज्वारी, भुईमूग, रताळी, सगळं माझ्या जिवावर पिकायचं. ओविती काम झालं की माझी माती खरवडायचा आणि मला आढ्याला अडकवायचा. ओगुत्तू मला सरीतच टाकून मासे धरायला पळायचा. आज्वांग शेजारणींना सांगायची, "सून मिळाली तर हिच्यासारखी मिळावी. राबते जास्त, बोलते कमी." माझं बोलणं तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून बरं.

मग गोऱ्यांचं युद्ध लागलं. कुणाचं कुणाशी, हे आमच्या गावात एकालाही धड सांगता येईना. मुखिया ओगोलाला वरून हुकूम आला, तरणी पोरं पाठव. ओगोलाचे स्वतःचे तीन मुलगे होते, पण त्यातल्या एकाचीही छाती साहेबाच्या मापात बसली नाही म्हणे. ओवितीची बरोबर बसली. तो भुईमुगाच्या शेतात होता, मी त्याच्या हातात होते. शिपायांनी मला बाजूला फेकलं आणि त्याला नेलं. "आई, काढणीपर्यंत येतो," असं तो ओरडून म्हणाला. त्याला पाठवलं ब्रह्मदेशात. तिथं भाताची शेती होते असं ऐकलं. मग तिथं खणायला माणसं हवी असतील, बंदुका देऊन कशाला पाठवायची? पण कुदळीचा सल्ला घेतो कोण!

युद्ध संपलं. गावची पोरं एकेक करून परतली, कुणाच्या पायात बूट, कुणाच्या खांद्यावर घोंगडी. ओविती आला नाही. त्याच्याच तुकडीतला ओकेच आज्वांगच्या दारात येऊन बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "नदी ओलांडताना गोळी लागली त्याला. मागच्या लोकांनी पुरलं असेल. आम्हाला पुढं जायचा हुकूम होता."

"तू पाहिलंस त्याला पुरताना?"

"नाही, आई."

"मग गप बैस आणि जेव."

आमच्याकडे रीत अशी की ज्याचं प्रेत घरी येत नाही, त्याच्या जागी यागोच्या झाडाचं फळ पुरायचं. हे फळ चांगलं दुधीभोपळ्याएवढं लांब आणि जड असतं. ते पुरल्याशिवाय थोरल्याला विसावा नाही, आणि थोरला मार्गी लागल्याशिवाय धाकट्यानं लग्न करायचं नाही. पण फळ पुरलं आणि माणूस जिवंत परतला, तर? मग घराच्या फाटकातून त्याला पाऊल टाकता येत नाही. फाटकानं त्याला मेलेला मानलेलं असतं. म्हणून आज्वांग फळाचं नावच काढू देईना.

तिकडे ओगुत्तूचं आपियोशी ठरलेलं लग्न अडलं.

"आई, आपियोचा बाप भेटला की विचारतो, भाऊ जिवंत आहे की मेला? मी काय सांगू?"

"सांग, यायला उशीर झालाय."

"दोन वर्षं?"

"तू जन्माला यायला याहून जास्त घोळ घातला होतास. मी कंटाळले का?"

तो मला घेऊन शेतात जायचा आणि राग ढेकळांवर काढायचा. ढेकळांचं काही गेलं नाही, माझी धार गेली.

अशात जिल्ह्याच्या साहेबाला वाटलं, मेलेल्या शिपायांचा मान राखावा. विचार चांगला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुखियाच्या कचेरीसमोरच्या माळावर नावं कोरलेला दगड उभा करायचं ठरलं. पाया खणायला गावातून कुदळी मागवल्या, त्यात मीही गेले. खड्डा कमरेएवढा झाला तेव्हा दगड बैलगाडीतून आला. ओकेच पलटणीत वाचायला शिकला होता. त्यानं एकेक नाव मोठ्यानं वाचलं, आणि त्यात ओवितीचं नाव आलं.

आता मित्रांनो, आमच्याकडे माणसाला घराच्या कुंपणाच्या आतच पुरतात. बाहेरच्या उजाड माळावर जागा मिळते ती फक्त गळफास घेणाऱ्याला. साहेबाला हे ठाऊक नव्हतं. ओगोलाला होतं, पण खुर्ची मिळाली की माणसाला घरच्या रीती आठवेनाशा होतात. बाजारातून परतणाऱ्या आज्वांगनं खड्डा पाहिला, नाव ऐकलं, आणि डोक्यावरची टोपली खाली ठेवली.

"ओगोला, माझ्या लेकानं फास घेतला होता का रे?"

"ओवितीच्या आई, असं काय बोलता? हा मान आहे. दगडावरचं नाव पावसानं पुसत नाही."

"एवढा मान आहे तर तुझ्या पोरांची नावं घाल."

"ती जिवंत आहेत!"

"तेच तर म्हणतेय मी."

आज्वांग खड्ड्यात उतरली आणि तिनं खणणाऱ्याच्या हातातून मला हिसकावलं. "ही कुदळ माझी आहे," एवढंच म्हणाली आणि चालू लागली.

घरी येऊन ती ओवितीच्या झोपडीसमोर बराच वेळ उभी राहिली. आता तिच्यापुढं दोनच गोष्टी होत्या. वाट पाहत राहावं, तर दगड उभा राहणार आणि लेक फास घेतलेल्यांच्या रांगेत बेवारशी पडणार. घरी पुरावं, तर स्वतःच्या हातानं आशा पुरायची. शेवटी तिनं मला ओगुत्तूसमोर टाकलं.

"खण. त्याच्या दाराच्या उजव्या अंगाला."

"आई, आणि तो आला तर?"

"खण म्हणते ना! आणि त्याच्या उंचीएवढा खण. फळ लहान आहे म्हणून अंगचोरपणा करू नकोस."

ओगुत्तू रडत खणत होता आणि त्याचे घाव वेडेवाकडे पडत होते. त्या दिवशी मी त्याला दोष दिला नाही. मलाही फार वाईट वाटत होतं. ओकेचनं यागोचं फळ आणलं, आज्वांगनं ते ओवितीच्या जुन्या कापडात गुंडाळलं. सगळ्यांनी डोकी भादरली, बायांनी आक्रोश केला. आज्वांग रडली नाही. माती ओढून झाल्यावर तिनं ओगुत्तूला सांगितलं, "जा, आपियोच्या बापाला निरोप दे."

दगडाच्या समारंभानंतर साहेब ओगोलाला घेऊन आमच्या अंगणात आला आणि मातीच्या ढिगाला त्यानं कडक सलाम ठोकला. मी भिंतीला टेकून होते, सगळं ऐकलं.

"सांग साहेबाला," आज्वांग म्हणाली, "सलाम पोचला. पुढच्या खेपेला पोरं न्यायला येशील, तेव्हा परत कशी आणणार ते आधी सांग."

ओगोलानं साहेबाच्या भाषेत सांगितलं, "बाई आपली आभारी आहे." साहेबाला बरं वाटलं. मला त्या क्षणी पाय असते, तर मी काय केलं असतं ते सांगत नाही.

मित्रांनो, मेलेल्या शिपायांना विसरू नका. दगड उभारा, त्यावरची धूळ पुसा, फुलं ठेवा. पण युद्धाची हौस असलेल्या माणसाला एकदा कुदळ हातात द्या आणि त्याला स्वतःच्या मुलाच्या मापाचा खड्डा खणायला सांगा. मी शेतासाठी जन्मले आहे. मला ज्वारीत न्या, भुईमुगात न्या, पुन्हा असल्या कामाला नेऊ नका.

ओगुत्तूचं लग्न झालं, आपियो घरात आली. त्यानंतर एका सकाळी आज्वांगनं मला उचललं आणि घरामागच्या शेराच्या कुंपणाशी नेलं. तिथली झाडं तिनं मुळासकट खणून काढली आणि एक माणूस जाईल एवढी फट पाडली. आपियोनं विचारलं, "आई, फाटक तर पुढं आहे. इथं कशाला?"

"फाटकातून त्याला येता येणार नाही ना, पोरी."

शेर भराभर वाढतो. आज्वांग अजून मला घेऊन जाते आणि ती फट मोकळी करते.