भोंगा वाजला की कुठे जायचं

बेटावर साहेब लोक फारसे येत नसत. आलेच, तर बोटीत ढवळलेलं पोट जागेवर यायच्या आत परतीच्या बोटीत बसत. त्या दुपारी मात्र आपत्ती व्यवस्थापनाचे साहेब शाळेच्या हॉलमध्ये उभे राहून चक्क म्हणाले, “विचारा, काय विचारायचं ते.”

शिंपीणताई उठल्या. गेल्या वादळात पाणी त्यांच्या शिलाई मशीनच्या पायाला लागलं होतं. तेव्हापासून बादलीत नळ सोडला तरी त्यांच्या छातीत धस्स व्हायचं.

“साहेब, मोठी लाट आली तर कुठे पळायचं?”

“टेकडीवर, पाण्याच्या टाकीपाशी. भोंगा वाजला की निघायचं.”

“पण भोंगा वाजला की आम्ही धक्क्यावर जातो.”

साहेबांनी चष्मा काढला. “का?”

आता काय सांगणार! बोट आल्याची वर्दी देणारी घंटा गंजून पडली होती, आणि लाटेचा इशारा द्यायला बसवलेला नवा कोरा भोंगा नुसता बसून होता. धक्क्यावरच्या कारकुनाला ते बघवेना. बोट दिसली की तो भोंगा वाजवू लागला. भोंगा ऐकला की अख्खं बेट पिशव्या घेऊन उताराला लागायचं. सगळ्यांत पुढे ताईंचे वडील, नाना. नानांचा मुलगा पलीकडच्या किनाऱ्यावर नोकरीला गेला, तो तिकडेच रुळला. पण नाना काठी टेकत प्रत्येक बोटीला हजर.

“आवाज तरी बदला हो,” ताई म्हणाल्या. “नाहीतर माझा म्हातारा ‘आलास का रे बाळा’ म्हणत लाटेला सामोरा जाईल.”

हॉल हसला. ताईंना हसू आलं नाही.

“घाबरू नका, प्रस्ताव वर पाठवतो,” साहेब म्हणाले. “आता प्रात्यक्षिकच घेऊ.” त्यांनी कारकुनाला फोन लावून चाचणीचा भोंगा वाजवायला सांगितलं. थोड्या वेळात तो वाजला. हॉल बघता बघता रिकामा झाला.

“काय शिस्त आहे!” साहेब खूश झाले.

“साहेब, ते धक्क्याकडे चाललेत.”

“दिशा नंतर सुधारता येते. हालचाल झाली, हे महत्त्वाचं.”

तेवढ्यात फोन वाजला. कारकून म्हणत होता, “साहेब, किल्ली सापडली एकदाची. वाजवू का आता?”

“अहो, वाजतोय की!”

“तो मी नाही वाजवला. तो मुख्य कचेरीतून आपोआप वाजलाय.”

साहेब पांढरेफटक पडले. ताई केव्हाच दाराबाहेर होत्या.

धक्क्यापुढचं पाणी नाहीसं झालं होतं. होड्या चिखलात कलंडल्या होत्या. लोक कौतुकाने बघत होते. दुकानदार तर खाली उतरून तडफडणारे मासे पिशवीत भरत होता. नाना कडेला, कपाळावर आडवा हात धरून.

“लाट येतेय! वर पळा!” ताई धक्क्यावर पोचताच ओरडल्या.

“ताई, बोटीचा भोंगा तो,” दुकानदार म्हणाला. “उगाच काय घाबरवता!”

समजावत बसायला वेळ नव्हता. मग गिऱ्हाइकाला ‘उद्या नक्की देते’ सांगताना शिंप्यांना जो आवाज लागतो, तो त्यांनी लावला.

“पाणी ओसरलंय, बोट टेकडीपलीकडे लागणार आहे! तिकिटं टाकीपाशी! साहेबांनीच सांगितलंय! जागा थोड्याच आहेत!”

शेवटच्या वाक्याने काम केलं. अख्खं बेट उलटं फिरलं, कोपरं मारत चढणीला लागलं. वर, सगळ्यांच्या पुढे, साहेब डोक्यावर फाइल धरून धावत होते. साहेबसुद्धा तिकिटासाठी पळतात म्हटल्यावर उरलीसुरली शंकाही मिटली.

ताईंनी नानांना पाठुंगळी घेतलं. मागे कापडाचं अख्खं ठाण एका दमात टराटरा फाटावं तसा आवाज झाला. त्यांनी वळून पाहिलं नाही.

“अगं, त्याला कोण सांगणार वर यायला?” नाना कानाशी म्हणाले.

“मी सांगितलंय, नाना. येतो म्हणालाय.”

“मग जरा हळू चल की. तो आल्याशिवाय बोट थोडीच सुटणार आहे?”

ताई आणखी जोरात पळाल्या. टाचा ओल्या झाल्या, मग पोटऱ्या. टाकीच्या ओट्यावरून दुकानदाराने खाली वाकून आधी नानांना ओढलं, मग त्यांना. मग त्याने खाली, जिथे त्याचं दुकान होतं तिकडे पाहिलं.

तिकिटाचं नाव त्याने काढलं नाही.