रीशा कुत्री नव्हती

अबू नायफच्या तंबूत कुत्र्याला थारा नव्हता. मेंढ्या राखणारा भुरक्या बाहेरच जेवायचा आणि बाहेरच लाथा खायचा. रीशाची गोष्ट वेगळी. ती सलूकी, शिकारीची. ती गादीवर झोपायची, उंटिणीचं दूध प्यायची. सलूकीला कुत्री म्हणणं म्हणजे शेखला गडी म्हणणं. तिच्या सात पिढ्या अबू नायफला तोंडपाठ होत्या. सासऱ्याचं नाव मात्र अधूनमधून विसरायचा.

वसंतात सरकारी डॉक्टरीणबाई गाडी घेऊन वाळवंटात आल्या. "कुत्र्यांना पिसाळण्यावरची लस टोचायचीय!"

अबू नायफने भुरक्याला पुढे ढकललं.

"आणि ही?" बाईंनी रीशाकडे बोट दाखवलं.

"लस कुत्र्यांची ना? मग हिचा काय संबंध?"

"काका, पिसाळलेल्या कोल्ह्याला वंशावळ वाचता येत नाही."

लोक हसले तसा अबू नायफ पेटलाच. हिला कुत्र्यांच्या रांगेत उभी केली तर टोळीत तोंड कुठे दाखवायचं?

"टोचून टाका ना," बायको फिद्दा म्हणाली. "अब्रू काय सुईएवढीच आहे तुमची?"

"तू चूल बघ!"

उन्हाळ्यात भरदुपारी एक कोल्हा माणसांना न भिता मेंढ्यांत शिरला. भुरक्या धावला, रीशाही धावली. कोल्हा मेला, पण दोघांनाही चावून.

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. भुरक्याला आणखी एक सुई दिली, पंचेचाळीस दिवस बांधून ठेवायला सांगितलं. मग त्या रीशाकडे वळल्या. "हिला लस नाही. एक तर आजच सुई देऊन कायमची झोपवू, नाहीतर सहा महिने पिंजऱ्यात. कुणी हात लावायचा नाही."

अबू नायफने पिंजरा कबूल केला. गाडीची धूळ खाली बसायच्या आत रीशा गादीवर होती. पिंजऱ्यात कोंबड्या गेल्या.

महिन्याभराने एका सकाळी तिला दूध गिळवेना. लाळ गळत होती. दोराने सोललेल्या हाताने तो तिचं तोंड पुसत राहिला. फिद्दाने ओरडून त्याला मागे ओढलं, कोंबड्या हुसकावून रीशाला पिंजऱ्यात कोंडलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. अबू नायफ आईच्या मरणाला रडला नव्हता इतका रडला.

फिद्दाने त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. नर्सने कागद पुढे ओढला. "लाळ कशाची लागली?"

"रीशाची."

"रीशा कोण? गाय, गाढव?"

त्याने फिद्दाकडे पाहिलं. ती ओढणीने डोळे पुसत होती.

"कुत्री," तो म्हणाला. "लिहा, कुत्री होती. लस न दिलेली."